परबांचा तुटका दात

दात दुखायला लागला की माणूस आधी लवंग धरतो, मग मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतो, मग शेजारणीने सांगितलेला कापूर लावतो, मग ऑफिसातल्या कुणीतरी दिलेली गोळी घेतो. हे सगळं करून दात पार कामातून गेला की तो माझ्याकडे येतो आणि खुर्चीत बसायच्या आधीच बजावतो, "डॉक्टर, काढायचा नाही हं!"

अंधेरी पूर्वेला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर माझा दवाखाना होता. खाली पिठाची गिरणी. तिचा पट्टा सुरू झाला की माझी खुर्ची थरथरायची आणि पेशंटला वाटायचं, डॉक्टरने मशीन चालू केलं. काही जण तेवढ्यानेच उठून जायचे. जाताना "जरा खालून जाऊन येतो" म्हणायचे. त्यातले बरेचसे अजून खालीच असावेत.

ऐंशीच्या दशकात माझ्या कपाटात फार काही नव्हतं. दाढ किडली की चांदी भरायची. चांदी म्हणजे चांदी-कथलाची पूड आणि पारा. दोन्ही खलात घोटायचं, फडक्यात घालून जादा पारा पिळायचा आणि कीड कोरून झालेल्या खड्ड्यात ते ठासायचं. दिसायला काळपट, पण एकदा बसलं की वर्षानुवर्षं हलायचं नाही. एका काकूंनी मला विचारलं होतं, "चांदी शुद्ध आहे ना? आमच्या सोनाराला दाखवून घेऊ?" दुसरे एक गृहस्थ दाढ काढल्यावर आतली चांदी परत द्या म्हणून अडून बसले. मी पुडीत बांधून दिली. ते सराफाकडे गेले की नाही ते माहीत नाही, पण त्यानंतर रस्त्यात दिसले की तोंड फिरवायचे.

पुढच्या दातांची मात्र पंचाईत होती. तिथे चांदी भरली तर माणूस हसताना तोंडात बुरशी आल्यासारखा दिसतो. पांढरं सिमेंट मिळायचं, ते वर्षा-दोन वर्षांत झिजायचं. प्लॅस्टिकची कॅप बसवता यायची, पण चहाबाज पेशंटच्या तोंडात ती सहा महिन्यांत हळदीच्या रंगाची व्हायची. चिनी मातीची कॅप सगळ्यात देखणी, पण ती बसवायला चांगला दात चारी बाजूंनी घासून पेन्सिलीच्या टोकाएवढा करावा लागायचा.

आणि अशात मी निळा दिवा आणला.

तो दिवा म्हणजे पिस्तुलासारखं एक यंत्र होतं. पांढरा मऊ मसाला दाताला लावायचा, हवा तसा आकार द्यायचा आणि त्यावर निळा उजेड सोडायचा. अर्ध्या मिनिटात मसाला दगडासारखा घट्ट. दाताच्या रंगाशी रंग जुळायचा, आणि दात फारसा घासावाही लागायचा नाही. आसपासच्या डॉक्टरांत हा दिवा पहिल्यांदा माझ्याकडे आला. तो आल्यापासून मला जगातला प्रत्येक माणूस अपुरा दिसायला लागला. बसमध्ये समोर कोणी जांभई दिली तरी मी आत डोकावायचो. लग्नाच्या पंगतीत यजमान आग्रहाने जिलबी वाढत असायचे आणि मी त्यांच्या सुळ्याला कोणती छटा लागेल ते ठरवत असायचो. ज्यांची चांदी ठणठणीत होती अशा चार-पाच जणांची ती उकरून मी तिथे पांढरा मसाला भरला. त्यांनी मागितलं नव्हतं. मीच म्हटलं, "काय ते काळं घेऊन फिरताय!"

वसंत परब माझ्या खुर्चीत बसले ते दिवा यायच्या थोडे आधी.

परब मूळचे मालवणकडचे. कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. एकदा मागावरचा धोटा उडून तोंडावर बसला आणि वरचा पुढचा उजवा दात तिरका तुटला. गिरणी बंद पडल्यावर वर्षभर मिळेल ते काम केलं. मग साकीनाक्याच्या चाळीतल्या एका शेजाऱ्याने त्यांना गर्दीत उभं राहायला म्हणून शूटिंगला नेलं. तिथे कुणाची तरी नजर त्या दातावर गेली आणि परबांना गर्दीतून काढून गुंडांत घातलं. खाडीपलीकडच्या मढच्या बंगल्यांतून तेव्हा रोज कुठल्या ना कुठल्या सिनेमाची मारामारी चालायची. परबांसारख्या शांत, मुंगीलाही न दुखवणाऱ्या माणसाने तिथे चार वर्षं लोकांच्या आयाबहिणी पळवल्या.

"दुखतंय काय?" मी विचारलं.

"गार लागलं की डोळ्यांपुढे काजवे, डॉक्टर. त्या दिवशी डायरेक्टर बोलला, सोड्याची बाटली दातांनी उघड. उघडली. शॉट झकास झाला, पण दाताचा आणखी एक टवका गेला. तेव्हापासून श्वास आत घेतला तरी कळ येते."

दाताला वरून एक कठीण कवच असतं. ते उडालं की आतला पिवळसर भाग उघडा पडतो. त्यात केसाहून बारीक नळ्या असतात आणि त्या थेट आतल्या शिरेपर्यंत जातात. म्हणून गार पाणी दाताला लागतं आणि कळ मेंदूत जाते. हे मी परबांना आरशात दाखवून समजावलं. कॅप, सिमेंट, सगळे उपाय सांगितले.

परबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डॉक्टर, कळ काढा. दात तुटलेलाच राहू द्या."

मी हसलो. इतक्या वर्षांत अशी फर्माईश कुणी केली नव्हती.

"हसताय काय? हा दात आहे म्हणून मी पुढच्या रांगेत उभा राहतो. दात पुरा झाला तर मी परत गर्दीत."

मी उघड्या भागावर वार्निशचे दोन-तीन थर दिले, संवेदनशील दातांची पेस्ट लिहून दिली, सोड्याच्या बाटल्या बंद केल्या. कळ बरीच कमी झाली. तेव्हा मी शहाणा होतो, कारण माझ्याकडे दिवा नव्हता.

दिवा आल्यानंतर परब पुन्हा आले, ते बायकोच्या मागून. सुमनवहिनी पुढे, परब दोन पायऱ्या मागे.

"डॉक्टरांनू, ह्यांचो दात पुरो करून देवा," वहिनी उभ्या उभ्याच म्हणाल्या. "आमच्या चेडवाक, नलूक, बघूक मुलुंडची माणसां येतली आयतवारी. झिल बँकेत आसा, बापूस पण बँकेत. ह्यांनी हसान दाखवल्यानी तर चाय टाकून पळतली."

"दात माझो आसा गो," परब म्हणाले.

"आणि चेडू कोणाचा?"

परब माझ्याकडे वळले. "डॉक्टर, असं काही बसवा ना, जे घालता येईल, काढता येईल. रविवारी घालीन, सोमवारी काढीन."

हे सहज होण्यासारखं होतं. साकीनाक्याला एका स्प्रिंगच्या कारखान्याच्या वर सामंत नावाचे गृहस्थ कवळ्या बनवायचे. माप पाठवलं असतं तर तुटक्या दातावर चपखल बसणारं पातळ टोपण त्यांनी चार दिवसांत करून दिलं असतं. पण माझा हात दिव्यावर होता. मी म्हटलं, "छे हो, ते टोपण-बिपण जुनं झालं. मी तुम्हाला असा दात करून देतो, की तुमचा तुम्हालाच ओळखू यायचा नाही."

"पण नंतर काढता येईल ना?"

"येईल हो," मी म्हटलं. हे अर्धं खोटं होतं. घासून काढता येतं, पण लावण्याआधी मूळ दाताची कडाही थोडी तिरकी घासावी लागते, म्हणजे मसाला नीट धरतो. ती कडा गेली की गेली. हे मी सांगितलं नाही.

मी कापूस कोंबला, ओठ वर धरला आणि कामाला लागलो. परब मध्येच हात हलवून काहीतरी सांगत होते. "अं... आं... अअं..."

"दुखतंय?"

त्यांनी मान नाही म्हणून हलवली आणि पुन्हा "अं... आं..." केलं.

"मग गप्प बसा बघू," मी म्हटलं.

आम्ही दंतवैद्य लोक पेशंटच्या तोंडात सगळा संसार मांडून मग त्याला विचारतो, मुलगा कितवीत आहे? त्याचं उत्तर आम्हाला नको असतं. परबांचं मात्र मी ऐकायला हवं होतं.

तासाभराने वहिनींनी पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "लग्नात असे होते हे," एवढंच त्या म्हणाल्या. परब आरशात स्वतःकडे पाहत राहिले, एखाद्या अनोळखी माणसाने आपल्या घरातून डोकावून पाहावं तसे. मी मात्र कॅमेरा काढून त्या दाताचे तीन फोटो घेतले. दाताच्या मालकाचा एकही घेतला नाही.

मुलुंडकरांनी मुलगी पसंत केली.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी दुपारी परब धापा टाकत वर आले. हातात एक चौकोनी फोटो होता, लगेच छापून निघणाऱ्या कॅमेऱ्यातला.

"डॉक्टर, वाट लागली."

"काय झालं?"

"त्या दिवशी सांगत होतो ना मी तुम्हाला, तोंडात कापूस असताना! माझा एक सीन अर्धा झालाय. मी हिरोची कॉलर धरतो, तिथपर्यंत घेतलाय. आता उरलेला घ्यायला गेलो तर डायरेक्टर ओरडला, कॉलर धरणारा वेगळा आणि मार खाणारा वेगळा दिसतोय! पूर्ण युनिटसमोर, डॉक्टर. बोलला, परवा तुटका दात घेऊन ये, नाहीतर तुझ्या जागी दुसरा घेतो आणि सगळं परत शूट करतो."

"मग घेऊ दे की दुसरा," मी म्हटलं. अजूनही मला माझ्या दाताचंच वाईट वाटत होतं.

परब खुर्चीच्या कडेवर बसले. आवाज खाली आला. "चार वर्षांत पहिल्यांदा दोन वाक्यं मिळाली आहेत मला. आतापर्यंत नुसता ओरडत होतो. नलूला सांगितलंय, शेजाऱ्यांना सांगितलंय. तुम्ही दात चांगलाच केलात हो. पण तुम्ही तो माझ्या पोटावर बसवलात."

हे वाक्य मला लागलं. मी फोटो हातात घेतला. त्यात परब हिरोची कॉलर धरून दात विचकत होते आणि तो मोडका दात स्पष्ट दिसत होता. एक लांब तिरका काप, मध्ये छोटी खाच, कडेला चहा-विड्यांचा तपकिरी डाग. आणि मला कळलं की तो काप आता जगात कुठेच शिल्लक नाही. मी तो घासून टाकला होता. मी परबांचा दात नुसता पुरा केला नव्हता, त्यांचा तुटका दात कायमचा नाहीसा केला होता.

नेमकं त्या दुपारी इमारतीच्या टाकीत पाणी नव्हतं. दात घासताना त्यावर पाण्याचा फवारा लागतो, नाहीतर घर्षणाने दात तापतो. परवा म्हणजे घाई होती. मी पिंपातलं पाणी पिचकारीत भरून थोडं थोडं सोडत काम केलं. हे पुरेसं नाही हे मला माहीत होतं. परब एकदा कळवळले. "झालंच," मी म्हटलं.

मसाला काढून झाल्यावर खरं काम सुरू झालं. फोटो आरशाच्या कडेला खोचला आणि त्याच निळ्या दिव्याने, त्याच पांढऱ्या मसाल्याने मी तुटका दात बनवायला बसलो. चांगला दात बनवणं सोपं असतं. शेजारचा दात बघायचा आणि त्याच्यासारखा करायचा. मोडका दात मात्र प्रत्येकाचा स्वतःचा असतो. खाच दोनदा चुकली. डागाचा रंग कपाटातल्या कुठल्याच बाटलीत नव्हता, तो शेवटी तपकिरी आणि पिवळा मिसळून केला. खाली गिरणी बंद झाली, बाहेरचे दोन पेशंट कंटाळून निघून गेले. शेवटी परबांना आरसा दिला. ते बघत राहिले आणि मग दात विचकून गुरगुरले. मी सुद्धा दचकलो.

तरी परबांना भरवसा वाटेना. "डायरेक्टर काय बोलला तर तुम्ही तिथल्या तिथे थोडं इकडेतिकडे कराल?" म्हणून परवाच्या दिवशी मी दवाखाना बंद ठेवून, बॅगेत औजारं आणि तो दिवा घेऊन वर्सोव्याहून होडीने मढला गेलो. शेजारी कोळणी रिकाम्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या. एकीने विचारलं, "बॅगेत काय हाय रं, दादा?" मी म्हटलं, "मोडका दात." ती पलीकडे सरकून बसली.

बंगल्याच्या व्हरांड्यात दिग्दर्शकाने परबांना उजेडात उभं केलं, हनुवटी धरून तोंड वर केलं आणि फोटोशी ताडून पाहिलं. गुरांच्या बाजारात बघतात तसं. मग म्हणाला, "हां, यही है. नाटक कायको किया इतने दिन?" माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. परबांनी कॉलर धरली, त्यांची दोन वाक्यं बोलली, आणि हिरोच्या एका ठोशात उडून गवतावर पडले. चार वेळा पडले. चौथ्या वेळी दिग्दर्शक खूष झाला.

नलूच्या लग्नासाठी मी सामंतांकडून ते काढता-घालता येणारं टोपण करून आणलं. पहिल्याच दिवशी जे करायला हवं होतं ते. लग्न छान झालं. मुलुंडच्या व्याह्यांना काही कळलं नाही. निदान त्यांनी तसं दाखवलं नाही.

पण पुढच्या हिवाळ्यात परब नेहमीच्या तपासणीला आले तेव्हा मला त्या दाताचा मूळचा भाग करडा झालेला दिसला. मी गार पाण्याचा बोळा लावला. त्यांनी डोळासुद्धा मिचकावला नाही.

"बघा, अजिबात कळ नाही आता," ते आनंदाने म्हणाले. "एकदम मस्त वाटतंय."

दात मस्त नव्हता, मेला होता. आतली शीर तापून मेली होती. त्या बिनपाण्याच्या दुपारी मीच ती मारली होती. मला गप्प बसता आलं असतं. धोटा लागला होता, सोड्याची बाटली उघडली होती, दोष द्यायला जागा पुष्कळ होत्या. आमच्या धंद्यात पेशंट तोंड उघडतो, डॉक्टरला उघडायची सवय नसते. मी औजार खाली ठेवलं आणि सांगितलं, "परब, हा दात माझ्यामुळे मेलाय. पाणी नसताना घासायला नको होतं. आता त्यातली मेलेली शीर काढून नळी साफ करून भरावी लागेल. नाहीतर पू होईल. चार-पाच वेळा यावं लागेल. पैसे घेणार नाही."

परबांनी जिभेने तो दात चाचपून पाहिला.

"त्या दिवशी मीच घाई केली ना," ते म्हणाले.

"पाणी नाही, उद्या या, असं मी सांगायला हवं होतं."

"शूटिंग परवाचं. उद्या तर होता की अजून," परब सावकाश म्हणाले. त्यांच्याही लक्षात ते आत्ताच आलं होतं. मग त्यांनी तोंड उघडलं. मी कामाला लागण्यापूर्वी पहिल्यांदाच विचारलं, "काही सांगायचंय का?" त्यांनी मान हलवली, नाही. पुढच्या पाचही वेळा ते वेळेवर आले आणि जरुरीपुरतंच बोलले. माझ्या ज्या चार-पाच पेशंटांची चांगली चांदी मी उकरली होती, त्यातल्या दोघांच्या दाढा त्या वर्षीच गाराने ठणकू लागल्या होत्या. त्यांच्याशीही मग मला असंच बोलावं लागलं. त्यातला एक पुन्हा आला नाही.

पिक्चर लागला तेव्हा परब स्वतः तिकिटं घेऊन दवाखान्यात आले. दुपारचा खेळ होता. आम्ही मधल्या रांगेत बसलो, परब, सुमनवहिनी, माहेरी आलेली नलू आणि मी. मी पाच रिळं नुसती दातांवर डोळा ठेवून काढली. मग तो बंगला आला, तो व्हरांडा आला, आणि पडद्यावर परबांचा चेहरा आला. नखाएवढ्या जागेत मी घडवलेला तो काप, ती खाच, तो तपकिरी डाग आता भिंतीएवढा झाला होता. परबांची दोन वाक्यं होती, पण आवाज त्यांचा नव्हता. कुणीतरी जाड्या आवाजाच्या माणसाने ती नंतर म्हटली होती. वहिनींनी चटकन नवऱ्याकडे पाहिलं. परबांचे ओठ अंधारात हलत होते. ते आपली वाक्यं आपल्याच आवाजात म्हणत होते.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई म्हणाली, "शीऽऽ! काय ते दात रे त्याचे! बघवत पण नाही!"

परबांनी मला कोपराने ढोसलं.

"डॉक्टर," ते कुजबुजले, "तुमचं नाव निघतंय."